वाट्याला आलेले शब्द

पाथर्डी तालुक्यातल्या एका शाळेत मी अनेक वर्षे इंग्रजी शिकवले. एकदा नववीच्या धड्यात ‘फॉर्च्यून’ हा शब्द आला. मी फळ्यावर त्याचे दोन अर्थ लिहिले. वर ‘नशीब’, खाली ‘मोठी संपत्ती’. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने मात्र लिहिले नाही. त्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले होते आणि तो आजीपाशी राहत होता. त्याने विचारले, “सर, मग ज्याच्याकडं पैसा नाही, त्याला नशीबच नाही का?”

त्या दिवशी मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. घरी आल्यावर कोश उघडले. मराठीत नशिबाला किती शब्द आहेत, संपत्तीला किती आहेत, ते एकमेकांना कुठे भेटतात आणि कुठे दुरावतात, हे वहीत टिपू लागलो. पुढे ही सवयच झाली. एसटीत, बाजारात, लग्नाच्या मांडवात, खळ्यावर, दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर शब्द कानी पडत गेले आणि वही भरत गेली. आज वाचकांच्या हाती देत असलेला हा छोटा संग्रह म्हणजे ती वही. तो कसा वाचावा आणि त्यातून मला काय उमगले, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

आधी त्या इंग्रजी शब्दाकडे पाहू. ‘फॉर्च्यून’चे मूळ लॅटिन भाषेत आहे. फोर्तूना ही रोमन लोकांची दैवदेवता. तिच्या हातात कधी सुकाणू असते, कधी फळाफुलांनी ओसंडणारे शिंग, आणि तिच्यापाशी एक फिरते चाक. ज्या धातूपासून हे नाव आले असे मानतात, त्याचा अर्थ ‘आणणे’. जे काळ आपल्यापुढे आणून टाकतो ते फॉर्च्यून. पुढे इंग्रजीत त्याच शब्दाला गडगंज संपत्तीचा अर्थ चिकटला. त्यामुळे इंग्रजीत एखाद्याने ‘फॉर्च्यून’ कमावले म्हटले की नशीब आणि पैसा एकाच पिशवीत जातात. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न नेमका त्या पिशवीवर बोट ठेवणारा होता.

मराठीने ही पिशवी अशी बांधलेली नाही. आपण ‘नशीब’ वेगळे ठेवतो आणि ‘संपत्ती’ वेगळी. घरात कणगी रिकामी असतानाही एखादी आजी ‘माझं नशीब थोर, लेकरं गुणाची निघाली’ असे म्हणू शकते. वाड्यात राहणाऱ्याविषयीही लोक ‘पैसा मोप, पण नशीब खोटं’ असे बोलतात. तरीही शब्दांच्या मुळाशी गेल्यावर जे हाती लागते, ते मला या सगळ्या भेदांहून मोलाचे वाटते.

‘भाग्य’ हा शब्द घ्या. तो ‘भज्’ या संस्कृत धातूपासून आला. त्या धातूचा जुना अर्थ वाटणे, वाटून घेणे. भाग म्हणजे वाटा. भाग्य म्हणजे वाट्याला आलेले. ‘भग’ हा वेदांतला वाटा देणारा देव, आणि ‘भगवान’ हा शब्दही याच घरातला. भक्त म्हणजे मुळात ज्याला वाटा मिळाला तो, किंवा जो वाट्यात सामील झाला तो. शिजवलेल्या अन्नालाही संस्कृतात ‘भक्त’ म्हणत. त्याचे प्राकृतात ‘भत्त’ झाले आणि मराठीत ‘भात’. ताटातला भात, देवापुढचा भक्त आणि कपाळावरचे भाग्य ही सख्खी भावंडे आहेत.

आता ‘नशीब’. तो अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. ‘नसीब’ या अरबी शब्दाचा अर्थ वाटा, हिस्सा. ‘किस्मत’सुद्धा अरबी, आणि तिच्या धातूचा अर्थ वाटणी करणे. ‘तकदीर’ आणि ‘मुकद्दर’ एकाच धातूचे. त्यात मापून देणे, ठरवून देणे हा भाव आहे. ‘कमबख्त’मधला ‘बख्त’ फारसी आहे. त्याचे मूळ आणि आपल्या ‘भक्त’चे मूळ एकच, अर्थही तोच: वाटून दिलेले. संस्कृत, अरबी आणि फारसी या तीन भाषा. त्यांच्यात इतके अंतर असूनही नशिबाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा तिघींनाही एकच चित्र दिसले. कोणीतरी वाटणी करतो आहे, आणि माणसे आपापला हिस्सा घेण्यासाठी पुढे येत आहेत.

म्हणूनच ‘अभागी’ हा शब्द मी आता पूर्वीसारखा सहज वापरू शकत नाही. अभागी म्हणजे ज्याला भाग नाही तो. वाटणीच्या वेळी ज्याचे नाव घेतले गेले नाही, तो. गरिबाला आपण कणवेने अभागी म्हणतो, आणि नकळत खरी गोष्टच बोलून जातो. त्याच्या ग्रहांचा यात काही दोष नाही, त्याला हिस्सा मिळालेला नाही. ‘दरिद्री’ या शब्दाचे मूळ ‘द्रा’ म्हणजे धावणे या धातूपर्यंत नेतात. दरिद्र म्हणजे पोटासाठी इकडून तिकडे वणवणणारा. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या वाड्यावस्त्यांवरून चूल-बोचकी, लेकरे आणि शेळ्या घेऊन टोळ्या निघतात, तेव्हा तो धातू रस्त्यावर चालताना दिसतो. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ असतो. दोन माणसांचे कष्ट, हिशेबात एकच नग, आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हातात. त्या बाईचा भाग शब्दातच बुडाला. भाषेतली वाटणी अशीही असते.

ज्या जिल्ह्यात मी हे शब्द वेचले, त्याच्याविषयी थोडे सांगायला हवे. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. 1490 मध्ये निजामशाहीच्या मलिक अहमदने अहमदनगर वसवले, आणि जिल्ह्यालाही तेच नाव होते. 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. निजामशाहीच्या शतकभराहून अधिक काळात इथल्या बोलीत दखनी, फारसी आणि मराठी एकाच चुलीवर शिजल्या. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. मुसलमान घरात जन्मलेला हा संत वारकऱ्यांना आपला वाटतो. अशा मातीत ‘नशीब’ परके आणि ‘दैव’ आपले अशी फोड करता येत नाही. इथली बाई एका वाक्यात ‘दैवानं दिलं’ म्हणते आणि पुढच्याच वाक्यात ‘नशिबानं नेलं’.

‘दौलत’ हा शब्द याच काळाची देणगी. त्याच्या अरबी मुळाचा अर्थ फिरणे, पाळीपाळीने एकाकडून दुसऱ्याकडे जाणे. आधी सत्तेची पाळी, मग सत्ता, मग राज्य, आणि शेवटी संपत्ती असा त्याचा प्रवास झाला. मराठेशाहीच्या कागदांत दौलत म्हणजे राज्यच. या शब्दाचे चाक कसे फिरते, ते मलिक अंबरच्या आयुष्यात दिसते. इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून अनेकदा विकला गेला आणि अखेर निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्याकडे आला. 1600 मध्ये नगरचा किल्ला मोगलांनी घेतला, चांदबिबी मारली गेली, आणि दौलत संपली असे वाटत असताना याच अंबरने निजामशाही पुन्हा उभी केली आणि 1626 मध्ये मरेपर्यंत ती राखली. ज्याची स्वतःची किंमत बाजारात ठरली होती, त्याच्या हाती एका राज्याची दौलत आली. लोक याला नशीब म्हणतील. मी त्याच्या जमीनमहसुलाच्या पद्धतीकडे आणि गनिमी काव्याकडे पाहतो, आणि मला त्यात अक्कल आणि चिकाटी दिसते.

संपत्तीचे शब्दही संग्रहात आहेत. ‘धन’ म्हणजे वेदकाळात शर्यतीत किंवा लढाईत जिंकलेले बक्षीस. ‘धनंजय’ या नावात तो अर्थ अजून जपलेला आहे. शेतकऱ्याच्या तोंडी धन म्हणजे गोठ्यातली जनावरे, आणि ‘धनगर’ या शब्दातले धनही तेच, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ‘संपत्ती’, ‘आपत्ती’ आणि ‘विपत्ती’ या तिघी ‘पद्’ या एकाच धातूच्या मुली, फक्त पुढचा उपसर्ग वेगळा. ‘श्री’ म्हणजे तेज, शोभा, भरभराट. पत्राच्या माथ्यावर श्री, माणसाच्या नावाआधी श्री, आणि जुन्या रोजकीर्दीत पहिली ओळ ‘श्री शिल्लक’. काल जे उरले त्याने आजचा हिशेब सुरू करायचा, आणि त्या उरलेल्याला श्री म्हणायचे. जमाखर्चाच्या वहीतली ही नम्रता मला फार आवडते. ‘बरकत’ हा शब्द असाच: किती आहे यापेक्षा पुरते किती, याला बरकत म्हणतात. धान्य मापताना जुनी माणसे पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत. मोजणी सुरू होण्याआधीच मिळाल्याचे समाधान उच्चारले जाई. आणि ‘घबाड’ हा पंचांगातला एक मुहूर्त. बोलीत मात्र त्याचा अर्थ झाला अचानक हाती लागलेले डबोले.

‘लक्ष्मी’चे मूळ खूण, चिन्ह या अर्थाकडे जाते. अथर्ववेदात लक्ष्मी चांगलीही आहे आणि वाईटही. खूण म्हटली की ती शुभ असेल किंवा अशुभ. पुढे शुभ खूण तेवढी लक्ष्मी झाली आणि अशुभ ती अलक्ष्मी म्हणून वेगळी काढली गेली. पण लोकरीतीने एक सुंदर गोष्ट सांभाळली. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो आणि तिलाच लक्ष्मी म्हणतो. सोन्याच्या नाण्याशेजारी झाडूची पूजा होते. घाण काढणारे साधन ही लक्ष्मी असेल, तर ते रोज हाती धरणाऱ्या माणसांना आपण कोणत्या शब्दाने हाक मारतो, हे त्या पूजेच्या वेळी एकदा आठवावे.

दुसरा मोठा गट लिहिण्याच्या शब्दांचा. मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन त्याच्या कपाळी लेख लिहिते, अशी आपली समजूत. पाटा-वरवंट्याजवळ कोरा कागद आणि टाक किंवा पेन ठेवतात. यातून ललाटरेषा, ब्रह्मलिखित, ‘भाळी लिहिलेलं’, ‘कपाळात होतं’, ‘कपाळ फुटलं’, कपाळकरंटा असे शब्दांचे मोठे कुटुंब तयार झाले. पण मला त्या कोऱ्या कागदाचे अप्रूप वाटते. ज्या घरात कोणालाच अक्षरओळख नव्हती, त्या घरानेही बाळाजवळ लेखणी ठेवली. नशीब लिहिले जाते, एवढे त्या माउलींना ठाऊक होते. लेखणी लेकराच्या स्वतःच्या हातात द्यायला मात्र शाळाच यावी लागली.

ग्रहांचे शब्द या जिल्ह्यात विशेष जिवंत आहेत, कारण नेवासे तालुक्यातले शनिशिंगणापूर. शनी म्हणजे शनैश्चर, सावकाश चालणारा. सूर्याभोवती फिरायला त्याला साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणून एका राशीत तो सुमारे अडीच वर्षे राहतो. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची अशा तीन राशींचे मिळून साडेसात. तीच ‘साडेसाती’. गणित आकाशाचे आणि भीती माणसाची. शिंगणापुरात देवावर छप्पर नाही आणि परंपरेने गावातल्या घरांना दारे-कुलपे नाहीत. 2011 मध्ये यूको बँकेने इथे शाखा उघडली, तीही नेहमीच्या कुलपाविना. ज्या देवाला सगळा मुलूख दुर्दैवाचा मानतो, त्याच्याच भरवशावर एक गाव आपली चीजवस्तू उघडी ठेवत आले. त्या गावाने भीतीच्या शब्दातून विश्वास काढला. शनीच्या चौथऱ्यावर जाण्याचा वाटा मात्र स्त्रियांना 2016 च्या एप्रिलमध्ये, न्यायालयाच्या निर्णयानंतर मिळाला.

याच तालुक्यात, प्रवरेच्या काठी नेवाशाला, शके 1212 म्हणजे 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ती ज्या गीतेचा अर्थ उलगडते, तिच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कार्याची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या क्रिया, आणि पाचवे दैव. दैव नाकारलेले नाही. पण ते पाचांतले एक आहे, आणि क्रमाने शेवटचे आहे. ज्या भावंडांना समाजाने वाळीत टाकले, म्हणजे शब्दशः अभागी केले, त्यांच्यातल्या ज्ञानेश्वरांनी हे मराठीत आणले आणि शेवटी जे पसायदान मागितले ते स्वतःपुरते मागितले नाही, सगळ्यांसाठी मागितले. एकट्याचे भाग्य ही कल्पनाच तिथे उरत नाही.

या संग्रहातला सर्वांत दुखरा शब्द ‘सौभाग्य’. व्युत्पत्तीने त्याचा अर्थ चांगला वाटा. वापरात मात्र तो वाटा एका गोष्टीपुरता आक्रसला: नवरा जिवंत असणे. सौभाग्यवती, सौभाग्यलेणे, अखंड सौभाग्य हे शब्द एका बाजूला. ‘पांढऱ्या पायाची’, ‘कपाळाची पांढरी’ हे दुसऱ्या बाजूला. मृत्यू पुरुषाला यावा आणि दोष बाईच्या पायगुणाला लागावा, हा भाषेने केलेला अन्याय आहे. संग्रहात हे शब्द गाळले नाहीत, कारण ते अजून बोलले जातात. पण त्यांच्यापुढे चौंडीचे एक नाव ठेवतो.

जामखेड तालुक्यातल्या चौंडीला 1725 मध्ये माणकोजी शिंदे या पाटलाच्या घरी अहिल्याबाईंचा जन्म झाला. होळकरांच्या घरी त्या सून म्हणून गेल्या. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. 1766 मध्ये सासरे मल्हारराव गेले, 1767 मध्ये मुलगा मालेराव गेला. पुढे जावई गेला आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. सौभाग्याच्या रूढ कोशात याहून अभागी बाई सापडायची नाही. आणि याच बाईने 1795 पर्यंत जवळजवळ तीन दशके महेश्वराहून राज्य चालवले, 1780 च्या सुमारास काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले, देशभर घाट, विहिरी, बारवा आणि धर्मशाळा बांधल्या. खासगीची दौलत तिने पाण्यात आणि सावलीत बदलली. कोणत्याही तहानलेल्या वाटसरूचा त्यात वाटा होता. आज साऱ्या जिल्ह्याचे नाव त्यांच्यावरून आहे. तेव्हा विधवेला हळदीकुंकवाच्या पाटावरून उठवणाऱ्या घराने आपल्याच पत्त्यातला जिल्हा एकदा मोठ्याने वाचावा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला. ठरावाने शब्द बदलतात, आणि शब्द बदलले की पाटावरच्या जागाही बदलतात.

वाट्याचा हिशेब गावगाड्यातही होता. खळ्यावर रास लागली की बलुतेदार आपापला हिस्सा न्यायला येत. ‘बलुतं’ म्हणजे तो हिस्सा. कोणाचे बलुते किती, कोणी आत यायचे आणि कोणी पायरीखाली उभे राहायचे, हे जन्माने ठरलेले असे. अकोले तालुक्यातल्या धामणगावात जन्मलेल्या दया पवारांनी 1978 मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हेच नाव दिले. धान्याच्या वाट्याचे नाव त्यांनी आयुष्याच्या वाट्याला दिले. ‘आमचं नशीब’ म्हणून जे पिढ्यान्पिढ्या गिळले गेले, ते नशीब नव्हते, ती माणसांनी केलेली वाटणी होती, हे त्या पुस्तकाने मराठी वाचकाला दाखवले. या संग्रहाची दृष्टी मला तिथून मिळाली.

वाटणी माणसांनी केलेली असेल, तर माणसे ती नव्याने करू शकतात. याचीही उदाहरणे या जिल्ह्यातच आहेत. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि 1950-51 मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. शेतकऱ्यांनी पै-पै जमवून ‘भाग’ घेतले आणि ते ‘भागधारक’ झाले. भाग्य आणि भागभांडवल हे एकाच धातूचे शब्द आहेत, हे तेव्हा कोणाच्या मनात असेल असे नाही. पण सावकाराच्या खात्यावर ज्यांचे नशीब लिहिले जाई, त्यांनी स्वतःच्या नावाचा भाग मिळवला, हा या शब्दाच्या इतिहासातला मोठा क्षण आहे. त्याच सहकाराच्या उसाला कोयता लावणाऱ्यांना अजून तसा भाग मिळालेला नाही, हेही इथेच लिहून ठेवतो.

आणि या जिल्ह्यात नशिबाचे खरे नाव पाणी. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाईच्या परिसरात, घाटघरला, पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या तालुक्यांत पाचशेचा आकडा गाठला तरी लोक ‘औंदा देव पावला’ म्हणतात. 1926 मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाने प्रवरेचे पाणी खाली आणले आणि पाटाखालच्या गावांचे भाग्य बदलले. पाटाच्या वरच्या अंगाच्या गावांचे तसेच राहिले. कालव्याला पाणी सुटते त्याला इथे ‘आवर्तन’ म्हणतात. आवर्तन म्हणजे फेरा, पाळी. दौलत या शब्दाचा मूळ अर्थ अगदी हाच. 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्यानंतर ‘समन्यायी पाणीवाटप’ हा शब्द बोलीत आला आणि नगर, नाशिक व मराठवाडा यांच्यात जायकवाडीच्या पाण्यावरून वाद सुरू झाले. वाद कितीही कडवट असोत, त्यांच्यामुळे एक गोष्ट झाली. पाण्याच्या वाट्याचा आता हिशेब मागितला जातो.

हिवरे बाजारला मी हा हिशेब चावडीवर पाहिला. पाऊस तिथे वर्षाला 400 मिलिमीटरच्या आसपास. दुष्काळाने आणि व्यसनाने खंगलेल्या या गावाने 1990 च्या सुमारास पोपटराव पवारांना सरपंच केले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी ही पंचसूत्री गावाने पाळली. डोंगरावर समपातळी चर खणले, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असे ठरवले. दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिके घ्यायची ते ठरते. गाव सोडून गेलेली कुटुंबे परतली. 2020 मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीने हीच वाट त्याआधी, 1975 नंतर, अण्णा हजारे यांच्याबरोबर धरली होती.

आपल्या कर्मविचारात तीन शब्द आहेत: संचित, प्रारब्ध, क्रियमाण. संचित म्हणजे साठलेले, प्रारब्ध म्हणजे ज्याचे फळ सुरू झाले ते, क्रियमाण म्हणजे आत्ता करतो आहोत ते. हिवरे बाजारच्या बांधावर उभे राहिल्यावर हे तीन शब्द मला पहिल्यांदा नीट कळले. जमिनीच्या पोटातले पाणी हे संचित. यंदाचा पाऊस हे प्रारब्ध. तो आपल्या हातात नाही. आज खणलेला चर हे क्रियमाण. आणि आजचे क्रियमाण हेच पुढच्या उन्हाळ्याचे संचित. ‘उद्योगाचे घरी रिद्धिसिद्धी पाणी भरी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे ती अक्षरशः खरी झाली.

याउलट जे नशिबाला आडमार्गाने गाठू पाहतात, त्यांचेही शब्द इथे आहेत: गुप्तधन, मोहरांचा हंडा, पायाळू, उतारा. गुप्तधनापायी या राज्यात माणसांचे बळी गेले आहेत. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या 20 ऑगस्ट 2013 च्या खुनानंतर, त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. हे शब्द संग्रहात आहेत ते ओळखीसाठी, आणि प्रत्येकापुढे त्यातला धोकाही नोंदवला आहे.

मांडणीविषयी थोडे. शब्द अकारविल्हे लावलेले नाहीत. वाटणीचे, मापाचे, लिहिण्याचे, फिरण्याचे, खुणेचे, ग्रहांचे आणि कष्टाचे असे सात गट केले आहेत. प्रत्येक शब्दाखाली आधी मूळ, मग अर्थ, मग बोलीतला वापर दिला आहे. जिथे व्युत्पत्तीबद्दल जाणकारांत मतभेद आहेत, तिथे तसे नमूद केले आहे. समानार्थी म्हणून दिलेले शब्द कधीही पूर्ण समान नसतात. ‘सुदैवाने वाचला’ आणि ‘नशिबानं वाचला’ यांत बोलणारा, ऐकणारा आणि अंगण बदलते. ते अंगण जपण्याचा प्रयत्न केला आहे. ज्या आज्यांनी, शेतमजुरांनी, पाटकऱ्यांनी आणि ऊसतोड करणाऱ्या बायांनी हे शब्द दिले, त्यांचा या पुस्तकात पहिला वाटा आहे.

त्या मुलाला मी आता उत्तर देऊ शकतो. बाळा, नशीब म्हणजे वाटा. तुझ्याकडे पैसा नाही याचा अर्थ तुला नशीब नाही असा होत नाही. तुझा वाटा तुझ्यापर्यंत पोचलेला नाही, एवढाच होतो. पाऊस कमी पडणे, आजार येणे, अपघात होणे यांत दैवाचा हात असेल. पण पाणी, जमीन, मजुरी, शाळा आणि मान यांची वाटणी माणसेच करतात.

वाचकांना एकच विनंती. यापुढे कोणाच्या दुःखावर ‘त्याचं नशीब’ असे म्हणावेसे वाटले, तर क्षणभर थांबा आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ आठवून विचारा: ही वाटणी कोणी केली, आणि तिच्यात माझा हिस्सा किती? पुस्तकाच्या शेवटी काही पाने कोरी ठेवली आहेत. तुमच्या गावात नशिबाला आणि संपत्तीला आणखी काय म्हणतात, ते तिथे तुमच्या हाताने लिहा. तेवढा वाटा तुमचा आहे.